सुका कचरा सुकाच राहू द्या

महोदय,

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. नवी मुंबईतल्या सोसायट्यांत डबे आले. खरी अडचण त्यापुढची आहे. भाजीचा रस लागलेला पुठ्ठा भंगारवालाही घेत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नये, सुटलेला तुकडा वेचता येत नाही. पिशवी विसळून, वाळवून द्यावी. डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत. कचरा निवडणाऱ्यांचे हात उघडे असतात, हे विसरू नये.

खताच्या खड्ड्याला वास येतो तो पाणी जास्त आणि हवा कमी झाल्याने. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर साधारण तेवढाच सुका पाला टाकावा, आठवड्यातून एकदा खालीवर करावे, पावसाळ्यात वर पत्रा हवाच. मुठीत दाबल्यावर बोटांतून पाणी गळले, तर पाला वाढवावा. हा पाला उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवावा. जुलैत कोरडा पाला मिळत नाही.

सुक्या कचऱ्याला आठवड्यातून दोन दिवस स्वतंत्र गाडी द्यावी आणि त्या गाडीने मिसळलेला कचरा घेऊ नये, एवढी महापालिकेला कळकळीची विनंती.

– एक रहिवासी, नेरुळ