हाती काम असतानाच पुढचे काम शोधायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले नाव असे जाहीरपणे घेतलेले आपल्याला रुचणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. परंतु पाण्याच्या टाक्या धुण्याचा माझा धायरीतला लहानसा व्यवसाय आज ज्या शिस्तीवर उभा आहे ती आपण लावलीत, हे चारचौघांत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव आणि धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, पाणी दूषित असल्याचा संशय सर्वांच्या तोंडी आला आणि माझा फोन सकाळपासून रात्रीपर्यंत वाजू लागला. लोक धास्तावले होते, मागेल तो दर द्यायला तयार होते. दर वाढवू का, असे मी विचारले तेव्हा आपण म्हणालात, "आज घाबरून बोलावणाऱ्याला भीती ओसरल्यावर तुझा दरच आठवेल. दर आहे तोच ठेव, आणि प्रत्येकाची पुढची तारीख लिहून घे." मी दर वाढवला नाही, पण तारखाही लिहिल्या नाहीत. एप्रिलमध्ये फोन थंडावले, मे महिन्यात चार माणसांचे पगार उसनवारीने करावे लागले, आणि ग्राहक मिळवून देतो म्हणणाऱ्या एका संकेतस्थळाला पैसे भरले तर तीच चौकशी आणखी चार-पाच जणांच्या हाती पडलेली निघाली.

त्या अडचणीत मी आपल्याकडे आलो. आपण कपाटातून विमा एजंट असतानाची जाड पुठ्ठ्याची वही काढलीत. दर महिन्याला एक पान, त्यावर हप्त्याची तारीख, घरातल्या माणसांची नावे, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने 'कोणाकडून आले'. त्या रकान्यात तीच सात-आठ नावे पुन्हा पुन्हा आलेली पाहिली, तेव्हा नवा ग्राहक कोठून येतो हे मला प्रथमच डोळ्यांनी दिसले.

माझी वही आपण त्याच बेताने आखून दिलीत. मंगळवारी सकाळचे दोन तास फक्त नव्या ग्राहकांसाठी, मग हाताशी कितीही काम असो, हा आपला नियम मला सर्वांत जड गेला आणि सर्वांत जास्त फळला. काम संपल्यावर शोधायला निघालेल्या माणसाची निकड त्याच्या बोलण्यात उतरते आणि समोरचा दर पाडतो, हे मी मे महिन्यात अनुभवले होते.

सोसायटीच्या फाटकावर पत्रके वाटण्याऐवजी तिचे हिशेब कोण लिहितो ते शोध, हेही आपलेच सांगणे. एकेका हिशेबनिसाकडे दहा-पंधरा सोसायट्यांची दप्तरे असतात, आणि कोणत्या समितीला कशाची गरज आहे हे त्याला आधी कळते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, त्यामुळे वर्षभराच्या कराराचे दरपत्रक जुलै-ऑगस्टमध्येच समितीच्या हाती पडले पाहिजे. दिवाळीनंतर दारात जाऊन उपयोग नसतो, हे मला आधी कोणीच सांगितले नव्हते.

आता टाकी धुऊन झाली की तळातला गाळ आणि स्वच्छ झालेला तळ, दोन्हींचे फोटो सेक्रेटरींना त्याच दिवशी जातात, ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, आणि कोणा सभासदाची वारज्याची बहीण किंवा कोथरूडचा मेहुणा आमची चौकशी करतो. झाकणाशेजारी पत्र्याच्या पाटीवर आजची तारीख, सहा महिन्यांनंतरची तारीख आणि माझा नंबर रंगवलेला असतो. त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी मीच फोन करतो. चाळीसहून अधिक सोसायट्या आज या वहीत आहेत, आणि गेल्या वर्षभरात एकही महिना कामावाचून गेलेला नाही.

काका, आपण माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत, उलट माझ्याबरोबर दोन समित्यांच्या बैठकांना येऊन बसलात. तिथे आपण माझी शिफारस केली नाहीत, मलाच बोलू दिलेत, याचे मोल मला फार वाटते.

वही भरत आली आहे. नवी आणली आहे. तिचे पहिले पान आपल्याच हाताने आखून हवे आहे. रविवारी सकाळी ती घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांगावा.

आपला कृपाभिलाषी,
धायरीचा टाकीवाला