नीलू, तिथेही बोल गं कोणाशीतरी

प्रिय नीलू,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. हैदराबादचं घर छान, ऑफिस छान, पण लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे असतात आणि शेजारच्यांचं नाव दारावरच्या पाटीपुरतंच माहिती, हे ऐकून खरंच वाईट वाटलं. पण शेवटी तू म्हणालीस ना, आता आपणही कोणाशी बोलायचंच नाही, ते मला अजिबात पटलं नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

अगं आपण डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात वाढलेल्या पोरी! तिथे कोण कोणाला ओळखतं? तरी बसलेली बाई उभी असलेलीची बॅग न सांगता मांडीवर घेते, तिघींच्या बाकावर चौथी आली की कपाळाला आठ्या घालून का होईना सगळ्या सरकतातच. "कुठे उतरणार?" हा प्रश्न खरं तर सीटसाठी असतो पण त्यातूनच ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत पोरांच्या परीक्षा, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, ते कुठे केलं, किती खर्च आला, सगळं निघतं. आईच्या शुगरसाठी आत्ता जे डॉक्टर आहेत ते असेच कळले, आणि त्या बाईचं नावसुद्धा मला माहिती नाही. भांडणं होतात हेही खरं, दारात तर पार केस ओढण्यापर्यंत जातं. पण चक्कर येऊन कोणी खाली बसली की त्याच भांडणाऱ्या जागा करतात, कोणी पाणी काढतं, कोणी पर्समधली गोळी चॉकलेट देतं.

२६ जुलै २००५ तर तू विसरली नसशील. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, गाड्या बंद, फोन लागेनात, आणि आम्ही डब्यातल्या बायका एकमेकींचा हात धरून रुळांवरून चालत निघालो. वाटेत चाळीतली माणसं बाहेर उभी राहून चहा, बिस्किटं, पाणी देत होती, उघडं मॅनहोल कुठे आहे ते ओरडून सांगत होती. घाटकोपरला एका काकूंनी आम्हा अनोळखी बायकांना घरात घेतलं, कपाटातले सुके गाऊन दिले, गरम खिचडी वाढली. सगळे म्हणतात संकटात मुंबई एक होते, पण मला वाटतं ती त्या दिवशी एक नाही झाली, रोज सरकून बसायची, बॅग धरायची सवय आधीच होती, तीच त्या रात्री उपयोगी पडली. आणि तेव्हापासून स्टेशनवर कोणी बावरलेलं दिसलं की मी थांबतेच, त्या काकूंची परतफेड त्यांनाच करता येणार नाही ना.

शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी अगदी ट्रेनच्या प्रवाशांवरच प्रयोग केले, २०१४ मध्ये ते छापून आले. काहींना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना गप्प बसा, काहींना नेहमीसारखं जा. ज्यांना नुसता अंदाज विचारला त्यांना वाटत होतं एकटं बसणंच बरं, प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त आनंदात गेला. अडतं कुठे, तर आपल्याला वाटतं समोरच्यालाच बोलायचं नाहीये, आणि समोरच्यालाही नेमकं तेच वाटत असतं. तुझी लिफ्ट आठव आता.

कोणाशीही कुठेही गप्पा मार असं मी म्हणत नाहीये हं, रात्री उशिरा एकटी रिक्षात असताना गप्प बसलेलंच बरं, ते आपल्याला बरोबर कळतं. पण शेजारचं दार वाजव. विरजण माग! तिकडे दह्याशिवाय जेवण होत नाही, विरजण नाही असं घर सापडणार नाही. आणि वाटी परत देताना रिकामी देऊ नकोस, आईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी घाल, तेलुगू माणसाला तिखटाचं वावडं नाही. वॉचमनला नावाने हाक मार, भाजीवाल्याला तेलुगूत भाव विचार, चुकलं तर तोच शिकवेल.

दसऱ्याला येतेस ना? आपला डबा सजवायचं काम यंदा माझ्याकडे आहे, झेंडूच्या माळा ओवायला हात कमी पडतायत. तिकीट आत्ताच काढ, नंतर वेटिंग लागतं.

तुझी,
स्मिता