बेल्झनमधली लग्नं आणि आमचं ठरलेलं

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, बेर्गन-बेल्झनला, जर्मनीतल्या त्या नाझींच्या यातनाछावणीच्या जागी, जाऊन आले म्हटल्यावर तुम्ही फोनवर गप्पच झालात. तिथे किती माणसं मेली ते तुम्ही वाचलेलं आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. मला तुम्हा दोघांना जी वाचली त्यांच्याबद्दल सांगायचंय. फोनवर नीट सांगता आलं नसतं.

15 एप्रिल 1945 ला ब्रिटिश सैन्य पोचलं तेव्हा छावणीत सुमारे 60,000 माणसं जिवंत होती. त्यातली 13,000 हून जास्त सुटकेनंतरही टायफसनं आणि उपासमारीनं गेली. सैन्यानं जुन्या लाकडी बराकी जाळून टाकल्या आणि उरलेल्यांना जवळच्याच जर्मन लष्कराच्या पक्क्या इमारतींत हलवलं. निर्वासितांची ही वस्ती 1950 पर्यंत चालली.

यातले बहुतेकजण तरुण होते. बहुतेक ज्यू. म्हातारी माणसं आणि लहान मुलं आउश्वित्झमध्ये, म्हणजे पोलंडमधल्या नाझींच्या मृत्युछावणीत, उतरल्या उतरल्याच मारली जात, त्यामुळे मागे उरली ती कामाला लावलेली पोरं-पोरी. घरटी एखादाच. वाचलेल्यांच्या रोज नव्या याद्या लागायच्या, लोक त्यात आपल्या आडनावाची माणसं शोधायचे. काहीजण पोलंडला आपल्या गावी गेले, तर घरात भलतीच माणसं राहत होती. जुलै 1946 मध्ये किएल्त्से गावात जमावानं 42 ज्यूंना मारलं, युद्ध संपून वर्ष उलटल्यावर! मग हजारो लोक पुन्हा पश्चिमेकडे निघाले आणि आसऱ्याला आले ते जर्मनीतल्याच छावण्यांत. आई, यांच्या जिवाला काय वाटलं असेल सांग.

अशा ठिकाणी या पोरांनी लग्नं केली. एकट्या 1946 मध्ये बेल्झनला हजारावर लग्नं लागली, आणि वस्ती बंद होईपर्यंत तिथे 2,000 हून जास्त बाळं जन्मली. काही जोडप्यांची ओळख जेमतेम काही आठवड्यांची होती. कुणी म्हणेल घाई केली. मला तसं वाटत नाही. ज्याच्यापाशी कुणीच उरलेलं नाही, त्यानं कशासाठी थांबायचं?

एका मुलीला लग्नात पांढराच झगा हवा होता. तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं एका माजी जर्मन वैमानिकाकडून दोन पौंड कॉफी आणि सिगारेटची पाकिटं देऊन पॅराशूट घेतलं. छावणीतल्याच एका शिवणकाम येणाऱ्या बाईनं त्याचा लांब बाह्यांचा झगा शिवला आणि उरलेल्या कापडात नवरदेवाचा सदरा बेतला. जानेवारी 1946 मध्ये जवळच्या त्सेले गावच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, त्यांचं लग्न लागलं. पुढे तोच झगा नवरीच्या बहिणीनं घातला आणि नंतर किती नवरीमुलींनी! ते सिनेगॉग मी मुद्दाम पाहून आले. 1740 चं, लाकडी चौकटीचं, गल्लीत घरांना खेटून उभं आहे. 1938 च्या नोव्हेंबरात नाझींनी देशभर सिनेगॉगं जाळली तेव्हा ते वाचलं, कारण आग लावली असती तर शेजारच्या इमारतीही पेटल्या असत्या.

हदासा बिमको हे नाव तिथल्या कागदपत्रांत सारखं येतं. पेशानं दंतवैद्य. पहिला नवरा, लहानगा मुलगा, आई-वडील सगळे आउश्वित्झमध्ये गेले. बेल्झनच्या शेवटच्या हिवाळ्यात तिनं इतर बायकांच्या मदतीनं अनाथ मुलं सांभाळली, जगवली. सुटकेनंतर वस्तीच्या समितीचे प्रमुख योसेफ रोझनझाफ्ट यांच्याशी तिनं लग्न केलं आणि 1948 मध्ये बेल्झनमध्येच त्यांना मुलगा झाला. त्या बाळाला तिनं पहिल्यांदा जवळ घेतलं असेल तेव्हाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पहिलं लग्न झालेल्यांना दुसरं करणं सोपं नव्हतं. जोडीदार गेला याचा पुरावा लागायचा, आणि गॅस चेंबर काही दाखला देत नाही. मग रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, साक्षीदार बोलावून एकेकाची हकिकत ऐकायचे आणि मोकळीक द्यायचे.

लग्न झालं तरी जायचं कुठे? पॅलेस्टाइनवर तेव्हा ब्रिटिशांचा ताबा होता, आणि तिथे जायचे परवाने ते महिन्याला 1,500 च देत. 1947 च्या उन्हाळ्यात साडेचार हजार माणसं एक्सोडस नावाच्या जहाजानं निघाली. त्यात गरोदर बायकाही होत्या. ब्रिटिशांनी त्यांना किनाऱ्यावरून परत फिरवलं आणि शेवटी हांबुर्गला जबरदस्तीनं उतरवलं. पुन्हा जर्मनीतच! दुसऱ्या जहाजांवरच्या 50,000 हून जास्त लोकांना सायप्रसच्या छावण्यांत ठेवलं. 1948 मध्ये इस्रायल झालं, अमेरिकेनं निर्वासितांसाठी कायदा केला, तेव्हा कुठे दारं उघडली.

बाबा, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पचं आजी सांगायची ना? ते लोक बहुतेक कॅथलिक, रशियानं सैबेरियात हाकललेले. पण त्याच युद्धात घरदार गेलेले. त्यातलीही एकजण लग्न करून कोल्हापुरातच राहिली.

आता मुद्द्याचं. ज्यूंच्या लग्नात आई-वडील नवरा-नवरीला मांडवाखाली घेऊन जातात. बेल्झनमध्ये बहुतेकांना ते नव्हतेच. त्या जागी छावणीतली ओळखीची माणसं उभी राहायची. एका फोटोत नवरीच्या दोन्ही बाजूंना तिच्याच वयाच्या मुली आहेत. मोठं माणूस एकही नाही.

तुमच्या गुडघ्यांची दगदग नको म्हणून आम्ही आमच्या लग्नाची इथेच नोंदणी करून घ्यायची आणि तुम्हाला व्हिडिओवर दाखवायचं असं चाललं होतं. तसं करायचं नाही. लग्न कोल्हापुरातच होईल आणि बाबा, कन्यादान तुम्हीच करायचं, खुर्चीवर बसून केलंत तरी चालेल. होणाऱ्या नवऱ्याच्या घरच्यांशी मी बोलले, त्यांनाही हेच हवंय.

रजा डिसेंबरात मिळेल. आई, तू गुरुजींना मुहूर्त विचारून ठेव, शनिवार-रविवार मिळाला तर बरं. हॉल मोठा नको, शंभर माणसांचा पुरे. बाबांनी एकट्यानं धावपळ करायची नाही, दादाला मी सांगितलंय. आणि कापडचोपड मी आल्यावरच गांधीनगरात जाऊन घेऊ, आधी काही घेऊन ठेवू नका.

तुमची,
धाकटी