भंगारातले तुकडे बाजूला ठेवणाऱ्या फोरमन मामांना

मामा, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर कुस्त्या सोडून दुसरं काय बघत नाही ते ठाऊक हाय, म्हणून इथं लिहून तुमच्या पोराला वाचून दाखवायला सांगितलंय. नाव घालत नाही, घातलं तर शिव्या मलाच बसणार.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हेल्परला लागलो तेव्हा माल उचलायचा आणि ग्राइंडर मारायचा एवढंच काम, टिगच्या (आर्गन गॅसवरच्या वेल्डिंगच्या) टॉर्चला हात कोण लावू देतंय. त्यात स्टेनलेसचं भंगार म्हणजे काय लोखंडाचं भंगार नव्हे, निकेल असतंय म्हणून किलोला भाव चांगला आणि भंगारवाला टपूनच. तरी तुम्ही मालकांना विचारून पट्ट्या, पाईपचे तुकडे माझ्यासाठी ठेवलेत, प्रत्येकावर मार्करनं स्टेनलेसचा प्रकार, 304, 316 लिहून, कारण चुंबक लावून 202 आणि 304 ओळखता येत नाही, चिकटत दोन्ही नाहीत. आणि मालकांना काय सांगितलंत, "पोरगं वेल्ड मारून परत पिंपातच टाकणार, वजन जरा वाढंल पण कमी होणार नाही." लय भारी!

मला एमएसवर, म्हणजे साध्या लोखंडावर, रॉडनं वेल्डिंगचा थोडा हात होता, पण हे प्रकरणच वेगळं. लोखंडापेक्षा उष्णता साधारण एक तृतीयांशच पुढं जाते आणि फुगतंय मात्र जवळपास दीडपट, त्यामुळं सगळी धग एका जागी आणि पट्टी पापडासारखी वळून बसते. तुम्ही एवढंच म्हणालात, टॅक (वेल्डचे छोटे टाके) जवळजवळ मार, 1.6 एमएम जाडीला 50-60 अँपिअरच्या वर जाऊ नको, आणि आर्क तुटला तरी टॉर्च तिथंच धर, गॅस थोडा वेळ येऊ दे. 304 ला 308 एल फिलर (जोडात वितळवायची तार), 316 ला 316 एल. एमएसवर फिरवलेला ब्रश स्टेनलेसला लावलेला दिसला की तुमचा आवाज पार गेटपर्यंत जायचा (तिथंच मग गंज धरतो, ते खरंच आहे).

पण खरे आभार मागच्या बाजूचे. बीड (वेल्डची रेघ) वरून सोनेरी आली की मी खूश, आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तुकडा उलटा करायचा, अंगठ्याचं नख मागनं फिरवायचा, काळे खडबडीत दाणे लागले की काय न बोलता परत द्यायचा. दुधाच्या पाईपला आतनं ग्राइंडर जात नाही, त्या दाण्यांत दूध अडकतंय, धुवून निघत नाही आणि तिथंच जंतू वाढतात, हे नंतर चहा पिताना सांगितलंत. मग आतनं हवा लागून ते दाणे येऊ नयेत म्हणून पाईपची दोन्ही तोंडं टेपनं बंद करून खालनं आर्गन सोडायचा, वर बारीक भोक ठेवायचं, आर्गन हवेपेक्षा जड म्हणून हवा वरनं निघून जाते, आणि मगच आर्क. आर्गन काय फुकट येत नाही, तरी सिलिंडर बदलायच्या आधी तळाला राहिलेला गॅस तुम्ही मला वापरू द्यायचा, हे बाकीच्यांना माहीत पण नसंल.

आता पाईपलाईनच्या जॉबवर मला घेतात, आणि तुकडा उलटा करायची सवय मलाच लागलीय, नवीन पोरं वैतागतात. पाईप जाग्यावर तसाच ठेवून खालच्या बाजूनं मारायला मात्र अजून हात बसला नाही, तेव्हा दीड इंची 316 चे तुकडे निघाले तर ठेवा बाजूला मामा, रविवारी न्यायला येतो, चहा माझ्याकडनं.