कोरी तिकिटे आणि क्रॉस कंट्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावर छोट्या महाविद्यालयांच्या क्रॉस कंट्री, म्हणजे शेता-माळरानातून लांब पळायच्या शर्यतीच्या, संघांबद्दलचा लेख वाचला आणि हातातला चहा निवला. आजच्या मुलांत चिकाटी नाही, म्हणून संघ पूर्ण होत नाहीत म्हणे. चिकाटीचं मागाहून बघू. आधी एसटीच्या तिकिटांचं सांगतो.

मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या ऑक्टोबरात त्यांचा सहा जणींचा संघ स्पर्धेला गेला. संघ आपला म्हणायचा. खऱ्या पळणाऱ्या तिघी, दोघी कबड्डीतून उसन्या, आणि एक अर्ज भरायच्या दिवशी ग्रंथालयात बसलेली सापडली म्हणून! या खेळात एकटी पुढे येऊन भागत नाही. जागतिक स्पर्धेतसुद्धा सहा पळतात, पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ वर. आमची पहिली अकरावी आली, चौथी एकशे सातवी. ती ग्रंथालयवाली. शेवटचा टप्पा ढेकळांतून चालत आली, पण आली.

सोबत तासिका तत्त्वावरचे सर. पहाटे साडेपाचचा सराव वेळापत्रकात नाही, त्यामुळे त्याचा मोबदलाही नाही. तरी येतात बिचारे.

खर्च मुलींनी पदरचा केला, ‘नंतर मिळेल’ या बोलीवर. तिकिटं डकवून बिल दिलं. कार्यालयातून पहिली शंका आली, भाडं निम्मंच कसं? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तिथे पोचलं नव्हतं. ते समजावलं, तर सरांचं तिकीट दुप्पट कसं, ही दुसरी शंका. मग केळ्यांची पावती आणा. स्टँडवरचा हातगाडीवाला शिक्क्याची पावती कुठून देणार? असं करत फाइल फिरली आणि मार्चात निरोप आला की तिकिटं कोरी आहेत. असणारच हो! मशीनचं तिकीट ते, त्यावरची अक्षरं चार-सहा महिन्यांत उडतात. निवृत्तीपर्यंत मी तीच हातात दिली आहेत. ‘कोऱ्या कागदावर पैसे कसे देणार?’ हेही खरंच. जिमखाना फीची पावती मात्र घरी आहे, तिच्यावरची शाई अजून काळीभोर.

लेखात धावपटू अविनाश साबळेचा दाखला दिलात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, अभिमान आम्हालाही आहे. पण तो क्रॉस कंट्रीत उतरला २०१५ मध्ये, फौजेत गेल्यावर. त्याचं श्रेय महाविद्यालयांच्या पदरात टाकायचं असेल तर खुशाल टाका, फक्त बिल जोडा.

जाता जाता आणखी एक. त्या स्पर्धेचा फोटो आपण छापला होता. झेंडा दाखवणारे नऊ मान्यवर, डावीकडून सगळ्यांची नावं. उजव्या कडेला अर्धा हात आणि एक वेणी दिसते, ती आमची मुलगी. तिचं नाव नाही, त्याबद्दल काही म्हणत नाही. पण खाली ‘कबड्डी स्पर्धेचे उद्घाटन’ छापलं होतं, तेवढं तरी दुरुस्त करा.

आपला,
एक सेवानिवृत्त वाहक