सोन्याला उमेदवारी करू द्या

मुंबई, १२ जून

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

काल रात्री दादाचा फोन आला. सोन्याचे बारावीचे मार्क, पुण्याच्या खासगी फिल्म इन्स्टिट्यूटच्या सहा महिन्यांच्या कोर्सची चार लाखांची फी आणि बाबा, तुम्ही त्यासाठी एफडी मोडायला निघालाय हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. आई, तू फोन घेतलास आणि "एकुलता नातू आहे, काय ते नीट बघा" एवढंच म्हणालीस. तुझ्या जिवाला घोर लागलाय हे मला कळलं. फोनवर अशी बोलणी अर्धवट राहतात आणि बाबांना कागदावरचं दोनदा वाचायची सवय आहे, म्हणून लिहायला बसले.

माझं मत आधीच सांगून टाकते. सोन्याला शूटिंगच्या धंद्यात जायचंय तर जाऊ द्या, आणि यंदाच कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करायला जाऊ द्या. पण एफडी मोडू नका. ना फीसाठी, ना कॅमेऱ्यासाठी.

बाबा, उद्यमनगरात लेथवर तुम्ही कसे शिकलात ते तुम्हीच आम्हाला सांगत आलाय. आधी मशीन पुसायचं, माल उचलायचा, मिस्त्री काय मागतील ते त्यांनी मागायच्या आत हातात द्यायचं. मग व्हर्नियर हातात आला आणि मग कधीतरी पहिला जॉब. आमच्या मालिकांच्या शूटिंग युनिटमध्ये मी ज्यांच्याकडून शिकले ती माणसं अशीच तयार झालेली आहेत. कुणी लाइटच्या वायरी गुंडाळत होतं, कुणी क्लॅप देत होतं. मीसुद्धा बारावीनंतर लक्ष्मीपुरीतल्या त्या व्हिडिओवाल्यांकडे बॅटऱ्या चार्ज करण्यापासूनच सुरुवात केली होती. तेव्हा गल्लीत "पोरगी रात्री-अपरात्री लग्नं शूट करत फिरते" म्हणून कुजबुज झाली, आणि तरी तुम्ही दोघांनी मला अडवलं नाही. ते मी कधी विसरले नाही.

आणि हे कोल्हापूरला नवीन आहे का? खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यासमोरून तुम्ही आयुष्यभर सायकलवरनं गेलात. बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे, मूर्ती घडवायचे. आनंदराव पेंटर हे त्यांचे चुलतभाऊ. दोघांनी मिळून सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबुरावांनी तो सोडला नाही. दामल्यांना हाताशी घेऊन त्यांनी कॅमेरा इथंच, कोल्हापुरात तयार केला. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. व्ही. शांताराम तिथं आले तेव्हा विशीच्या आसपासचे होते, पडेल ते काम करायचे. दामले, फत्तेलाल, शांताराम ही सगळी त्याच कंपनीत हात बसलेली माणसं. त्यांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही कोल्हापुरातच. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली, आणि पुढं १९६० साली प्रभातच्या त्याच जागेवर सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट उभी केली, जिला आज आपण एफटीआयआय म्हणतो. सोन्याला मनातून जायचंय ते तिथंच. त्यानं मला तसं सांगितलंय.

आता यातली महत्त्वाची गोष्ट दादाच्या लक्षात आलेली दिसत नाही. तिथले दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी हे तीन वर्षांचे मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. बारावीवर प्रवेश मिळत नाही. म्हणजे त्याला पदवी लागणारच, कुठल्याही शाखेची का असेना. ती त्यानं मुक्त विद्यापीठातून किंवा शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून करावी. पुस्तकं घरी, परीक्षेला हजेरी, आणि बाकीचा दिवस कामाला मोकळा. तीन वर्षांनी त्याच्या हातात पदवीही असेल आणि कामही. मग प्रवेश परीक्षेला बसू दे. मिळाला प्रवेश तर त्या फीला मी आहे. पण सहा महिन्यांच्या कोर्सला आयुष्याची पुंजी घालायची, आणि शेवटी हातात सर्टिफिकेट घेऊन तो ज्या दारात उभा राहणार ते दार उमेदवारीचंच असणार! तिथं सर्टिफिकेट कुणी मागत नाही. काय काम केलंस ते दाखव म्हणतात.

आई, तुला वाटत असेल की लग्नाचं शूटिंग म्हणजे काय मोठंसं. माझ्या मते त्यासारखी शाळा नाही. सिनेमात रिटेक असतो, लग्नात नसतो. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, की ते परत घडत नाही. त्या क्षणी बॅटरी संपलेली चालत नाही, कार्ड भरलेलं चालत नाही, मामा मध्ये उभा राहिला म्हणून सांगता येत नाही. कुठं उभं राहायचं ते अर्धा तास आधी ठरवावं लागतं. आणि रात्री कितीही उशीर झाला तरी कार्डवरचा माल दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून, उघडून बघितल्याशिवाय ते कार्ड पुसायचं नाही. हा नियम मला त्या लक्ष्मीपुरीतल्या मालकांनी लावला. आज मी मोठ्या मालिकांवर साउंड बघते तेव्हाही तोच पाळते.

सोन्याला कॅमेऱ्याचं वेड आहे. सगळ्याच पोरांना असतं. पण त्याचे कान तयार व्हावेत असं मला फार वाटतं, कारण चित्र थोडं हललेलं लोक खपवून घेतात, बोललेलं ऐकू आलं नाही तर उठून जातात. प्रत्येक ठिकाणी शूटिंग संपलं की आम्ही सगळ्यांना गप्प उभं करतो आणि अर्धा-एक मिनिट त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतो. त्याला रूम टोन म्हणतात. खोलीगणिक ती शांतता निराळी असते. आपल्या माजघरात फ्रिजची घरघर आणि रस्त्यावरच्या रिक्षा, आणि वरच्या खोलीत पत्र्यावरचा पाऊस. एडिटिंगला दोन वाक्यांच्या मधला तुकडा काढला की तिथं भोक पडतं, ते त्या शांततेनं भरायचं असतं. नवीन माणसाला हे पटत नाही. एकदा त्या भोकात अडकला की मग जन्मभर विसरत नाही.

बाबा, तुमच्यासाठी एक सांगते, तुम्हाला आवडेल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं तर चित्र नीट येतं, भलत्याच आकड्यावर ठेवलं की चित्रात पट्टे सरकायला लागतात. सोन्याला हे पाठ करून नाही, करून बघून कळलं पाहिजे. ट्यूब लावा, त्याला फोनवर शटर बदलायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसा. आणि नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सव येईल तेव्हा आई, तू त्याला घेऊन जा. मावळतीचे किरण दारातून आत येऊन देवीच्या पायाशी, मग वर कसे चढतात ते त्यानं कॅमेरा न काढता बघू दे. उजेड कुठून येतो आणि किती वेळ टिकतो हे ज्याला दिसतं तोच पुढं कॅमेरामन होतो.

कॅमेरा म्हणून आत्ता त्याचा फोन पुरेसा आहे. दा विंची रिझॉल्व्ह नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. व्यावसायिक लोकही तेच वापरतात. घ्यायचंच असेल तर चांगला हेडफोन, एक वायरचा कॉलर माइक आणि मजबूत ट्रायपॉड घ्या. जुना कॉम्प्युटर मी पाठवते.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बारा-बारा तासांच्या शिफ्ट असतात. मुंबईत केलेल्या कामाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात येतात, मी स्वतः घरभाडं उसनं घेऊन भरलंय. काही जण नव्या पोरांना 'शिकायला मिळतंय ना' म्हणून फुकट राबवतात. तसल्याकडे त्याला पाठवायचं नाही. पहिल्या दिवसापासून जेवण, प्रवासखर्च आणि थोडी तरी रोजंदारी मिळालीच पाहिजे, नाहीतर त्या पोराला आपल्या कामाची किंमत कधीच कळणार नाही. मुंबईला यायची घाईही नको. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, आसपासच्या गावांत मालिकांची शूटिंग्ज लागतात, आणि मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालयही कोल्हापुरातच आहे. घरचं जेवून शिकता येत असेल तर मुंबईतल्या खोलीचं भाडं कशाला?

मी लक्ष्मीपुरीत फोन केलाय. मालक आता थकलेत, दुकान त्यांचा मुलगा बघतो. पावसाळ्यात लग्नं नसतात, पण उन्हाळ्यातल्या लग्नांचं एडिटिंग तुंबलेलं असतं. तेव्हा सोन्यानं जुलैपासून दुपारी दोन ते आठ तिथं बसायचं. सकाळी अभ्यास. गणपतीत मंडळांची कामं येतील, आणि तुळशीच्या लग्नानंतर त्याला बाहेर नेतील. रोजंदारी किती द्यायची तेही मी बोलून घेतलंय, दादाला वेगळं कळवते.

त्याआधी त्याला एक काम द्या. बाबा, तुम्ही लेथवर काय करायचात ते त्याला सांगा आणि त्यानं ते फोनवर शूट करून तीन मिनिटांचं करून मला पाठवू दे. जमलं तर जुन्या कारखान्यातही घेऊन जा, मशीन चालू असताना तुमचा आवाज कसा घ्यायचा याचा विचार त्याला करू दे. मी बघेन आणि कुठं कापायचं ते कळवेन.

आई, त्याला चपलांवर पाठवू नकोस. लाइटच्या वायरी ओल्या जमिनीवर पडलेल्या असतात, रबरी तळव्याचे बूट घेऊन दे. आणि मुक्त विद्यापीठाचा अर्ज कधी सुटतोय त्यावर दादाला लक्ष ठेवायला सांग.

तुमची,
धाकटी