वासोट्यावर मुक्काम नकोच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली की कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी द्या, ही मागणी ट्रेकर मंडळींत पुन्हा निघते. गडावर रात्र काढायची चटक मलाही आहे. हरिश्चंद्रगडावर, राजमाचीवर किती वेळा पथारी टाकली, त्याचा हिशेब नाही. तरी वासोटा यातून वगळावा, असं माझं मत आहे.

बामणोलीहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायला दीडेक तास लागतो. गेल्या जानेवारीत मधेच पाण्याकडे बोट दाखवत आमचे नावाडी म्हणाले, "आमच्या आज्याचं घर हितं खाली हाय." कोयना धरणात अशी कितीतरी गावं गेली. पुढे १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. उरलेल्या वस्त्याही उठत गेल्या. पायथ्याचं मेट इंदवली त्यातलंच. जंगलासाठी ज्यांनी आपल्या चुली विझवल्या, त्यांच्या मोकळ्या जागेत आपण शनिवार-रविवारची शेकोटी पेटवायची? मला तरी हे पटत नाही.

ओढ्याकाठचा मारुती मागे पडला की भर दुपारीही वाटेवर ऊन नीट उतरत नाही. हे रान गव्यांचं, अस्वलांचं आहे. दिवसा आपण गेलो तर ती बाजूला होतात. रात्रही आपणच घेतली, तर त्यांनी जायचं कुठे?

आणि आपल्या शिस्तीबद्दल म्हणाल तर माझाच किस्सा सांगतो. चढण्याआधी वनरक्षकांनी सॅक उघडायला लावून बाटल्या, पुडे मोजले, वहीत लिहिले, अनामत ठेवून घेतली. उतरल्यावर एक वेष्टन कमी भरलं. सगळे एकमेकांकडे बघतायत. शेवटी ते सापडलं माझ्याच विंडचीटरच्या खिशात, चिक्कीचं! तिथे मोजणारं कोणी नसतं तर ते वाटेत कुठे पडलं, हे मला कळलंही नसतं. रात्रीच्या अंधारात पन्नास तंबूंमागचं कोण मोजणार?

संध्याकाळच्या आत परतायचं म्हणून धावपळ होते, जवळचं नागेश्वराचं गुहेतलं देऊळ राहून जातं, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यासाठी परवान्याचं काम आदल्या संध्याकाळी बामणोलीत उरकता यावं आणि पहिली लाँच उजाडताच सुटावी. दोन तास हाती आले तरी पुष्कळ झालं.

– एक वाचक, सातारा